जनावराआधी गोठा

गुरांच्या दवाखान्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हाती उतारवयात मांजरांची प्रकरणे यावीत, यात काही विसंगती आहे असे माझ्या जुन्या व्यवसायबंधूंना वाटते; मला तसे वाटत नाही. सांगोला, मंगळवेढे, पंढरपूर या तालुक्यांत खिलार बैलांचे खूर आणि पंढरपुरी म्हशींच्या कासा तपासीत, लाळ-खुरकुताच्या लसी टोचीत, घटसर्पाच्या साथीत अवेळी वाड्यावस्त्यांवर जात ज्याने सरकारी चाकरी केली, त्याच्या अंगी एक सवय कायमची मुरते : दावणीच्या जनावराला हात लावण्यापूर्वी तो गोठा पाहतो. जमीन ओली आहे की कोरडी, मुताची नाली वाहती आहे की तुंबलेली, गव्हाण किती उंच आहे, पाणी कोण पाजतो आणि कोणत्या वेळेस, एवढे नीट पाहून झाले म्हणजे निम्मे निदान होऊन जाते आणि थर्मामीटर उरलेल्या निम्म्यापुरताच लागतो. सेवानिवृत्तीनंतर भवानी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत मी दवाखाना उघडला, तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली. आणि जिथे गोठा औषधालाही सापडत नाही अशा या पेठेत तिचा सर्वांत अधिक उपयोग मला झाला, तो मांजर घरभर लघवी करते या एका तक्रारीच्या बाबतीत.

पेठेचा थोडा परिचय करून दिल्यावाचून ही तक्रार बाहेरच्या वाचकांस नीट उमगणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील ही वस्ती मुख्यत्वेकरून विणकरांची. कित्येक पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी येथे माग रोवले आणि त्यांच्या चादरी-टॉवेलांनी शहराचे नाव देशभर नेले. तेलुगू, कानडी, मराठी आणि दख्खनी या चारही भाषा एकाच नळकोंडाळ्यावर ऐकू याव्यात, खाली यंत्रमाग खडखडत असावेत आणि वर बिऱ्हाड असावे, एका खोलीत कांड्या भरल्या जात असाव्यात आणि दुसरीत बायका विड्या वळीत बसलेल्या असाव्यात, हा येथला नित्याचा देखावा. अशा घरात मांजर हा शौक नव्हता, ती नेमणूक होती. ताण्याच्या सुताला जी खळ देतात ती अखेर पिठाचीच. तिच्या वासाने उंदीर येतात आणि एका रात्रीत बीमचे बीम कुरतडून ठेवतात. म्हणून जुने विणकर मांजराला दूध-भाकरीचा रतीब लावीत आणि बदल्यात मागांची राखण घेत. ते मांजर लघवीला कोठे जाते याची चौकशी करण्याचे कोणाला कारण पडत नसे. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर होता, परसात राखेचा ढीग होता, गल्लीच्या टोकाला कोणाच्या तरी बांधकामाची वाळू पडलेली असे.

पुढे माळवदे उतरली आणि स्लॅब आले, चौकांवर लोखंडी जाळ्या बसल्या, परसांत आणखी एकेक खोली निघाली. आणि लांब केसांची, चपट्या तोंडाची, मोठ्या किमतीची मांजरे पुण्याहून वा हैदराबादेहून टोपलीत बसून येऊ लागली, ज्यांना उंबऱ्याबाहेर सोडण्याची घरच्यांची छाती होत नाही. रात्रंदिवस घरातच राहणारे मांजर ही या पेठेत फार अलीकडची गोष्ट आहे, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे या अलीकडेपणातूनच निर्माण झालेली आहेत.

"डॉक्टरसाहेब, हे मुद्दाम करतंय," या वाक्याने फिर्याद सुरू होते. गादीवर केली, धुऊन ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर केली, पाहुण्यांच्या बॅगेवर केली, आणि घरात दहा उशा असता नेमकी सुनेच्याच उशीवर का केली, असा सवाल. फिर्यादीने शिक्षेची अंमलबजावणी आधीच करून टाकलेली असते. कोणी मांजराचे नाक त्या ओल्यात घासलेले असते, कोणी केरसुणीने झोडपलेले असते, आणि त्यापासून ते एवढेच शिकलेले असते की घरच्यांच्या डोळ्यांदेखत लघवीस बसणे धोक्याचे आहे. परिणामी ते पलंगाखालचा कोपरा शोधते आणि प्रकरण अधिक चिघळते. मी सर्व ऐकून घेतो आणि मग माझी उलटतपासणी सुरू होते. उभे राहून करते की बसून? थोडी की पुष्कळ? भिंतीवर, दारावर, कपाटाच्या कडेवर, की सपाट जागी? शेपटी ताठ करून थरथरवते काय? घरात माणूस, जनावर, सामान, यांपैकी नवे काय आले आणि जुने काय गेले? उभ्या वस्तूकडे पाठ करून, शेपटी उंचावून मारलेला बारीकसा फवारा ही हद्दीची निशाणी असते, तर बसून सपाट जागी केलेली भरपूर लघवी ही एक तर निकड असते किंवा पीडा. आणि या दोहोंचे उपाय परस्परांपासून इतके भिन्न आहेत की हा एक प्रश्न विचारल्यावाचून दिलेले औषध हे अंधारात मारलेल्या धोंड्याच्या योग्यतेचे समजावे.

चादरींचा व्यापार करणारे एक सद्‌गृहस्थ माझ्याकडे आले, ते मांजराची विल्हेवाट लावण्याचा निश्चय करूनच. लग्नसराईसाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर बोका फवारे मारीत होता. प्लास्टिकच्या आवरणामुळे आतला माल वाचे, पण वास वाचू देत नसे, आणि एका गिऱ्हाईकाने माल परत धाडला होता. मी बोक्याऐवजी गोदाम पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा त्यांना माझ्या विद्वत्तेविषयी शंका आलेली मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. नोटा पारखण्यासाठी त्यांच्या गल्ल्यावर जांभळ्या उजेडाचा एक लहानसा दिवा होता. तो मागून घेतला, गोदामाचे दार लावून अंधार केला आणि भिंतींवरून फिरविला. या अतिनील प्रकाशात वाळलेली लघवी फिकट पिवळट-हिरवी चमकते. तीन भिंती निष्कलंक निघाल्या आणि चौथीजवळचे गठ्ठे मात्र खालपासून हातभर उंचीपर्यंत चमकले. त्या चौथ्या भिंतीत एक झरोका होता, झरोक्याला जाळी होती, आणि जाळीच्या बाहेरच्या अंगाला शेजारच्या पत्र्यांवरून येणाऱ्या कोणा उनाड बोक्याने आपल्या मालकीचा दावा अनेकवार दाखल केलेला होता. आतल्याला बाहेर जाऊन जाब विचारता येत नव्हता, म्हणून तो आपली कैफियत गठ्ठ्यांवर मांडीत होता.

उपाय सरळ होता. झरोक्याला पत्रा ठोकला, बाहेरची भिंत धुऊन घेतली आणि बोक्याचे खच्चीकरण केले. बैलांचे खच्चीकरण ज्याने हयातभर केले त्याला यात अवघड काही नाही. परंतु गृहस्थांच्या वृद्ध मातोश्रींनी, त्यांना सारे घर अम्मा म्हणत असे, पापाचा मुद्दा काढला आणि तो सोडवण्यात शस्त्रक्रियेहून अधिक वेळ गेला. दहा बोक्यांपैकी सुमारे नऊ या उपायाने फवारे सोडतात. काही तत्काळ, काही आठवड्यांनी, आणि उरलेला दहावा आपली खोड चालू ठेवतो, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. शिवाय मांजर जेथे जेवते आणि निजते तेथे सहसा घाण करीत नाही, म्हणून त्याची ताटली आणि त्याचे पोते त्या चौथ्या भिंतीशीच ठेवावयास लावले. गुन्हेगाराला गुन्ह्याच्या जागीच जहागीर द्यावी, हा न्याय त्या व्यापारी मनाला प्रथम रुचला नाही. पण पुढील माल विनातक्रार गेला, तेव्हा ती ताटली तेथेच राहिली.

वासाविषयी दोन शब्द विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण घरोघर चुका होतात त्या येथेच. मांजराचे मूळ पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. मिळेल तेवढे पाणी शरीरात राखून अत्यंत घट्ट लघवी करण्याची त्याच्या मूत्रपिंडांची शक्ती माणसाच्या दुपटीहून अधिक आहे. त्या लघवीत फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते, बोक्याच्या लघवीत विशेष. ताज्या लघवीस फारसा वास येत नाही; जसजसे ते द्रव्य विघटन पावते तसतसा तो उग्र दर्प सुटतो. म्हणूनच सकाळी पुसून घेतलेली जागा दुपारी बोलू लागते, आणि सोलापूरचा मे महिना, ज्यात पारा ४३ अंशांच्याही वर जातो, आदल्या हिवाळ्यातली प्रकरणे उकरून काढतो. यावर आमच्याकडचा सार्वत्रिक उपाय म्हणजे फिनेल. ते स्वस्त असते, त्याने घर दवाखान्यासारखे शुद्ध वाटते, आणि मांजराला ते विष आहे. फिनॉलवर्गीय द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यास लागणारी यकृताची शक्ती मांजरात अतिशय तोकडी असते, आणि फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून आलेले मांजर आपले पंजे चाटल्यावाचून राहात नाही. गोदामातल्या डांबराच्या गोळ्यांचीही गोष्ट तीच. अमोनियायुक्त द्रावणांनी पुसावे तर त्यांचा वास लघवीशी जुळता असल्याने मांजर त्याच जागी पुन्हा येते.

मी सांगतो ते असे : जुन्या टॉवेलाने ओल प्रथम दाबून टिपून घ्यावी, घासू नये, मग साबणाच्या थोड्या पाण्याने पुसावे, मग बाजारात मिळणारे विकरयुक्त द्रावण ओतून ते पुष्कळ वेळ ओले राहू द्यावे, आणि कापड असेल तर शेवटी उन्हात घालावे. जुन्या टॉवेलांचा आणि उन्हाचा तुटवडा सोलापुरास नाही. तुटवडा पाण्याचा आहे. शंभराहून अधिक किलोमीटरांवरील उजनीचे पाणी नळाला येते, ते चार-पाच दिवसांआड, आणि तेवढ्यावर घरातले बॅरल, हंडे, कळशा भरून ठेवून सारा संसार चालवावयाचा असतो. "प्यायला पुरवून पुरवून वापरतो आम्ही, आणि मांजराचं मूत धुवायला कुठनं आणू पाणी?" असे एका गृहिणीने मला विचारले, ते अगदी रास्त होते. पुस्तकांतून सढळ हाताने धुण्याची शिफारस असते. ती लिहिणाऱ्यांनी नळाची वाट पाहिलेली नसते. टिपून घेण्यावर माझा एवढा भर आहे तो यासाठीच, की जेवढे टिपले गेले तेवढे धुवावे लागत नाही.

आता ज्या प्रकरणाचे मला विशेष अगत्य वाटते त्याकडे वळतो. एका घरी सात-आठ वर्षांची एक साधी देशी भाटी होती. तिची कधी कोणाला तोशीस लागली नव्हती. आणि एकाएकी तिने अंथरुणांवर, कांड्यांच्या टोपलीत, नव्या सुनेच्या साड्यांच्या पिशवीवर लघवी करण्यास प्रारंभ केला. लघवी तपासून झाली होती, ती निर्दोष होती. एके ठिकाणाहून जंतुनाशक औषधेही आणून झाली होती, त्यांचा गुण आला नव्हता. घरात निष्कर्ष निघाला होता तो असा, की मांजराला नवी सून पसंत नाही. आणि ती बिचारी मुलगी, जिचे माप ओलांडून थोडेच दिवस झाले होते, मांजराकडे अशा नजरेने पाही की जणू ते सासरचेच कोणी वडीलधारे आहे.

मी घर पाहिले. खालची खोली लग्नाच्या निमित्ताने नव्याने सजविलेली होती. भिंतींना रंग, जमिनीला चकचकीत फरशी, कोपऱ्यात सोफा. काय काय बदलले म्हणून विचारले, तर सर्वांनी रंग सांगितला, सोफा सांगितला, सून सांगितली. भिंतीशी टेकून आजोबा बसले होते. गुडघे जाईपर्यंत त्यांनी हातमाग चालविला होता. ते मान खाली घालून म्हणाले, "आधी ती मागाच्या खड्ड्यात जायची की."

खड्डा माग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या चालवितो, खड्ड्याचा तळ मातीचा, थंड, काळोखा असतो आणि त्यात सुताचा भुगा साचतो. माग उखडून नेल्यावरही तो खड्डा वर्षानुवर्षे फळ्या टाकून तसाच राहिलेला होता, आणि फळ्यांच्या फटीतून भाटी खाली उतरत असे. याहून उत्तम शौचकूप कोणत्याही मांजरास मिळणे नाही. नातवाने लग्नाआधी खड्डा भरून घेतला आणि वर फरशी बसविली. तिची पुरातन वहिवाट अशी विनानोटीस बंद झाली. आणि आजोबांना हे सर्व ठाऊक होते. इतकेच नव्हे तर मुलाला कळले तर तो मांजराला घालवून देईल या भीतीने ते स्वतः रोज पहाटे, सर्वांच्या आधी उठून, खुरप्याने खड्डा साफ करीत आले होते. मग हे आजवर सांगितले का नाही, असे मुलाने जरा चढ्या आवाजात म्हटले. "मला कुणी विचारलं कुठं?" आजोबा म्हणाले.

एक रुंद प्लास्टिकचे घमेले आणविले. वाळू आता सोन्याच्या भावाने मिळते आणि लाकडाच्या वखारीतला भुसा घरभर उडतो. आजोबांनी मागल्या बोळात पडलेली, उतरविलेल्या माळवदाची पांढरी माती चाळून आणली. ते घमेले खड्ड्याच्याच जागी, म्हणजे सोफ्यासमोर, बैठकीच्या ऐन मध्यावर ठेवावे लागेल असे मी म्हणताच घरात वादळ उठले. तडजोड अशी ठरली की प्रारंभ तेथून करावा आणि मग दर थोड्या दिवसांनी वीतभर सरकवीत ते मोरीशेजारी न्यावे. भाटीने माती ओळखली. मध्यंतरी पाहुणे येणार म्हणून कोणी घमेले एकदम मोरीपर्यंत नेऊन ठेवले आणि त्या रात्री पुन्हा गादी भिजली; घमेले पूर्वस्थळी परत आले आणि प्रवास नव्याने सुरू झाला. तो संपला तेव्हा सून पाचव्या महिन्यात होती आणि मांजरावरचा तिचा राग गेलेला होता. घमेले साफ करण्याचा अधिकार मात्र आजोबांनी खुरप्यासह स्वतःकडेच ठेवला.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्याने मांजरांच्या मूत्राशयदाहावर दीर्घकाळ संशोधन केले. त्यांच्या चमूने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की जेवणाची वेळ बदलली, सांभाळणारा माणूस बदलला, असे नित्यक्रमाचे भंग झाले म्हणजे पूर्णतः निरोगी मांजरेसुद्धा ओकतात, खाणे सोडतात आणि नेमल्या जागेबाहेर लघवी करतात. दहा वर्षांखालील मांजरांत मूत्राशयाचा दाह पुष्कळदा आढळतो, पण त्यामागे जंतू असलेले फार थोडे. उरलेल्यांचा दाह कशाने होतो हे सांगताना संशोधक पुन्हा पुन्हा घराकडे बोट दाखवितात. हे वाचले तेव्हा मला बफिंग्टनसाहेबांनी एखादी म्हैस पाळली असावी असे वाटले.

तथापि सर्वच वेळी घर पाहात बसण्याची सवड नसते. विड्या वळून चरितार्थ चालविणारी एक बाई भर वैशाखात, तेंदूपानांच्या टोपलीत बोका घालून माझ्याकडे आली. "सार, कालपासनं नुसतं बसतंय आन्‌ उठतंय. घरभर कोपरं शोधतंय. शेजारीण म्हणली पोट साफ नाही, एरंडेल पाजलं." त्याच्या पोटाला हात लावताच दगडासारखे ताठ मूत्राशय लागले. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. बारीक खडे आणि बुळबुळीत स्राव यांचा बोळा तीत अडकला म्हणजे लघवी थांबते, रक्तात पोटॅशियम चढते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडते. सुके खाणे आणि थोडे पिणे, ही या व्याधीला अनुकूल परिस्थिती, आणि आमचा उन्हाळा ती फुकट पुरवितो. भूल देऊन, नळी घालून मी मार्ग मोकळा केला. रक्तमिश्रित लघवीने ताट भरले. बोका वाचला. मांजर बोका असून वारंवार बसत असेल आणि थेंब पडत नसेल, तर खोड, सूड, सून, फरशी, हे सर्व विचार बाजूस ठेवून त्याच घटकेस दवाखाना गाठावा; सकाळची वाट पाहू नये. बाईने फी हप्त्यांनी दिली, आणि प्रत्येक हप्त्यास बोक्याचे पाणी पिणे किती वाढले त्याचा अहवाल दिला. माठाशेजारी एक, कांबळ्याशेजारी एक आणि दाराशी एक अशा तीन वाट्या तिने मांडल्या होत्या, कारण खाण्याच्या ताटलीलगतचे पाणी पुष्कळ मांजरांना आवडत नाही असे मी बोलून गेलो होतो.

या सर्वांत दुःखदायक ती प्रकरणे, जी माझ्याकडे येतच नाहीत. पोत्यात घालून मार्केट यार्डाकडे सोडून दिलेली. घरात वाढलेले मांजर तेथल्या कुत्र्यांपुढे किती टिकते याची कल्पना सोडणाऱ्यांना असते, आणि "तिथं धान्य आहे, उंदीर खाईल" हे वाक्य त्या कल्पनेवर पांघरूण घालण्यासाठीच असते.

म्हातारी मांजरे मात्र कोणी सोडीत नाही, हे पेठेच्या बाजूने नमूद केले पाहिजे. मूत्रपिंडे थकली किंवा मधुमेह जडला की मांजर पाणी पुष्कळ पिते आणि लघवी पुष्कळ करते, संधिवाताने घमेल्याच्या काठावर पाय टाकवत नाही, आणि वाटेतच सारे होऊन जाते. बंद पडलेल्या गिरणीतला एक वृद्ध कामगार आणि त्याची पत्नी अशा एका भाटीस सांभाळून आहेत. मी घमेल्याचा काठ एका बाजूने कापून ठेंगणा करण्यापलीकडे फारसे काही करू शकलो नाही. त्यांचा पुतण्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. विणीत दोष निघालेला, सेकंड म्हणून बाजूस काढलेला माल तो किलोच्या भावाने आणून देतो आणि ते टॉवेल भाटीच्या वाटेवर अंथरले जातात. गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा पतिपत्नींचा वाद चालला होता. गठ्ठ्यात काठावर मोर विणलेले दोन टॉवेल निघाले होते. एकच धागा तुटलेला, ते पाहुण्यांसाठी ठेवावेत असे पत्नीचे म्हणणे होते, आणि आपल्याकडे पाहुणा येतोच कोण, असे पतीचे.